वांटणी कामाची, घराची नव्हे

गेल्या वैशाखांतील गोष्ट. एका आप्तांकडील मुंजीसाठीं आम्ही शिरूरास गेलों होतों. कार्य आटोपल्यावर मंडळी ओट्यावर पानसुपारी करीत बसली असतां, दौंडहून आपल्या आईबरोबर आलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याजवळ आला व त्यानें विचारिलें, “आजोबा, घोडनदीच्या पुलापलीकडे दुसरें राज्य लागतें का हो? तिकडे निराळी पाटी आहे.” मंडळी हंसली. मुलाच्या काकांनीं त्याची समजूत घातली, “अरे, तें राज्य नव्हे, जिल्हा. अलीकडे पुणें, पलीकडे अहिल्यानगर.” पण मुलगा तेवढ्यावर गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, “मग राज्य आणि जिल्हा यांत फरक काय? पाटी तर दोघांचीही असते.”

या प्रश्नानें ओट्यावर एकाएकीं शांतता पसरली. तेथें दोन पदवीधर होते, एक वकील होते, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आणि सारा जन्म मुलांस व्याकरण व नागरिकशास्त्र शिकविण्यांत घालविलेले आम्हीही होतों. कोणी म्हणालें, “राज्य मोठें, जिल्हा लहान.” पण हें उत्तर टिकणारें नव्हे. गोवा हें राज्य आहे, आणि त्याचें क्षेत्रफळ आमच्या पुणें जिल्ह्याच्या चतुर्थांशाहूनही कमी आहे. दुसरें कोणी म्हणालें, “राज्यास मुख्यमंत्री असतो.” तें खरें, परंतु दिल्ली व पुदुच्चेरी येथेंही मुख्यमंत्री आहेत, आणि तीं राज्यें नव्हेत. तेव्हां आकारावरून किंवा पदवीवरून या प्रश्नाचें उत्तर निघत नाहीं हें उघड झालें. त्या दिवशीं आम्हीं मुलास कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. घरीं परतल्यावर मात्र आम्हांस स्वस्थ बसवेना. जो विचार सुचला तो आमच्या सुज्ञ वाचकांपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एकच नदी, दोन तऱ्हांच्या सीमा

आमची अर्धी नोकरी शिरूर तालुक्यांत व अर्धी दौंड तालुक्यांत झाली. दोन्ही गांवें नदीकांठचीं. शिरूरास तर लोक अजून घोडनदी या नांवानेंच ओळखतात. दौंड हें भीमेच्या कांठीं वसलेलें असून तो मुलूख पूर्वीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. भीमथडीच्या तट्टांची कीर्ति वाचकांनीं ऐकली असेलच. घोड व भीमा या दोन्ही सह्याद्रींत उगम पावतात व पुढें घोड भीमेस मिळते. शिरूरापाशीं घोड आणि दौंडापाशीं भीमा पुणें जिल्ह्याची हद्द दाखविते. पैलतीरावर अहिल्यानगर जिल्हा लागतो. २०२४ सालापर्यंत त्याचें नांव अहमदनगर होतें.

हीच भीमा पुढें उजनीच्या धरणांत अडते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वंदिली जाते, आणि सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास कांहीं अंतर महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांमधील सीमा होते. शेवटीं रायचूरच्या बाजूस ती कृष्णेस मिळते. नदी तीच आणि पाणीही तेंच. मग दौंडास ती ओलांडली असतां काय बदलतें, आणि सोलापूरच्या खालीं ओलांडली असतां काय बदलतें, हें पाहिलें म्हणजे मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप हातीं येतें.

दौंडाहून भीमा ओलांडून श्रीगोंदें तालुक्यांत गेलेल्या शेतकऱ्यास कलेक्टर निराळा आणि जिल्हा परिषद निराळी. परंतु जमिनीचा कायदा तोच, सात-बाराचा उतारा तसाच, मुलाचें क्रमिक पुस्तक तेंच, आणि कायदे करणारी विधानसभाही तीच. सोलापूरच्या खालीं भीमा ओलांडली कीं जमीनमहसुलाचा कायदा बदलतो, कचेरीची भाषा कन्नड होते, शाळेचीं पुस्तकें बदलतात, आणि विधानसभा मुंबईच्या ऐवजीं बंगळुरास भरते. एकीकडे कारभार पाहणारा अधिकारी बदलतो. दुसरीकडे कायदा करणारा बदलतो. जिल्हा व राज्य यांत मुख्य भेद तो हा.

हक्क कीं देणगी

याच्या मुळाशीं एक प्रश्न आहे. हातीं असलेला अधिकार कोणी दिला? जिल्ह्याचा अधिकार राज्यानें दिलेला असतो. राज्य सरकारच्या मनांत आलें तर एका जिल्ह्याचे दोन होतात. १९६० सालीं महाराष्ट्रांत २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाल्यापासून ते ३६ आहेत. यासाठीं दिल्लीस जाऊन विचारावें लागलें नाहीं.

राज्याची गोष्ट तशी नाहीं. महाराष्ट्राचे अधिकार दिल्लीनें उदार होऊन दिलेले नाहींत. दिल्लीचे अधिकार ज्या घटनेंतून आले त्याच घटनेंतून मुंबईचेही आले. घटनेच्या सातव्या अनुसूचींत तीन याद्या आहेत. पहिली संघसूची: संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, चलन, टपाल, रेल्वे इत्यादि विषय तींत येतात. दुसरी राज्यसूची: तींत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, जमीन, शेती, दवाखाने, बाजार व स्थानिक स्वराज्य हे विषय आहेत. तिसरी समवर्ती सूची: विवाह, वारसा, फौजदारी कायदा, वनें हे विषय तींत असून १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें शिक्षणही राज्यसूचींतून काढून तींत घातलें गेलें. तिसऱ्या यादींतील विषयावर दोघांनाही कायदा करतां येतो; मात्र दोहोंत विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. तिन्ही याद्यांत न सांपडणारा विषय संसदेकडे जातो.

आज भारतांत २८ राज्यें व ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. केंद्रशासित प्रदेशाची स्थिति मधली आहे. तेथील कारभार राष्ट्रपतींच्या वतीनें नायब राज्यपाल किंवा प्रशासक पाहतात. दिल्ली, पुदुच्चेरी व जम्मू-काश्मीर यांस विधानसभा आहेत. लडाख, चंडीगड, लक्षद्वीप यांस त्या नाहींत. दिल्लीस विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, तरी पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व जमीन हे तीन विषय त्या विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेविलेले आहेत. घराचा कारभार हातीं आहे, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस आहे, अशी ती अवस्था होय.

ज्यांचीं मुलें-सुना ऑस्ट्रेलियांत आहेत अशीं कुटुंबें आतां आमच्या वाचकांतही पुष्कळ असतील. त्या देशांत सहा राज्यें आहेत, आणि त्यांशिवाय उत्तर प्रदेश म्हणून ओळखला जाणारा एक मोठा स्वशासित भूभाग आहे. त्यास १९७८ सालीं स्वशासन मिळालें. या भूभागाच्या विधानसभेनें असाध्य रोग्यास मरणाची मुभा देणारा कायदा केला. १९९७ सालीं तेथील मध्यवर्ती संसदेनें तो निष्प्रभ करून टाकला. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटपणाविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. राज्याच्या अधिकारांतील कायदा असा पुसून टाकणें त्या संसदेस सोपें गेलें नसतें. भूभागाचा मात्र पुसतां आला. हक्कानें मिळालेलें स्वराज्य आणि देणगी म्हणून मिळालेलें स्वराज्य यांत हें अंतर आहे.

देणगीनें मिळालेलें स्वराज्य नेहमींच हलकें असतें असेंही नव्हे. आमच्या औंध संस्थानांत राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आपण होऊन प्रजेस स्वराज्याची घटना दिली व गांवच्या पंचायतींस तिचा पाया केलें. राजानें स्वतःचे अधिकार असे सोडून द्यावे हें त्या काळीं विरळाच होतें. पण औंध १९४८ च्या मार्चमध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि ती घटनाही त्याबरोबर गेली.

मिताक्षरेंतील विभाग आणि घटनेंतील विभाग

पाठशाळेंत असतांना आम्हीं मिताक्षरेंतील दायविभागाचें प्रकरण वाचलें होतें. विज्ञानेश्वरानें हा ग्रंथ चालुक्यांच्या कल्याणी नगरींत रचिला. तें कल्याण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें व आज कर्नाटकांत आहे. दायविभाग म्हणजे भावाभावांनीं मालमत्ता वांटून घेऊन निराळें होणें. आमच्या कित्येक वाचकांनीं हा प्रसंग घरांत पाहिला असेल. एकाच वाड्यांत मधोमध भिंत उभी राहते, आणि देवघर कोणाकडे यावरून शेवटचें भांडण होतें.

पण एकत्र कुटुंबांत दुसरीही एक वांटणी असते. कोठीच्या किल्ल्या मोठ्या वहिनींकडे, शेताचा हिशेब मधल्या भावाकडे, मुलांचा अभ्यास धाकट्याकडे. या वांटणीनें घर फुटत नाहीं. उलट तिच्यावांचून तें चालत नाहीं. परंतु येथें एक मेख आहे. मोठ्या वहिनींकडे किल्ल्या आहेत त्या सासूबाईंची मर्जी आहे तोंवर, कीं हा घराचा ठरलेला नियमच आहे? मर्जीवर असतील तर त्या वहिनी कर्त्या नव्हेत, नुसत्या हाताखालच्या.

आमची घटना लिहिणाऱ्यांनीं दुसऱ्या प्रकारची वांटणी केली, आणि ती मर्जीवर न ठेवतां नियमांत घातली. मात्र घर फुटूं नये याचीही काळजी घेतली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत सांगितलें कीं, आमचा संघ घटकांनीं आपसांत करार करून झालेला नाहीं, म्हणून कोणत्याही घटकास त्यांतून फुटून निघण्याचा हक्क नाहीं. ‘संघ’ हा शब्द जुना आहे. पाणिनीनें तो ‘गण’ या अर्थीं सिद्ध केला आहे. गणांत पुष्कळजण असतात, पण गण एक असतो.

दौंडचें स्टेशन कोणाचें?

हें सारें शास्त्र झालें. व्यवहारांत त्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्यास आम्ही दौंडच्या स्टेशनावर नेऊं. मुंबई-सोलापूर लोहमार्गास मनमाडचा फांटा येथें मिळतो, म्हणून हें जंक्शन. रूळ, इंजिन, तिकीट, फलाट हें सर्व केंद्राचें, कारण रेल्वे संघसूचींत आहे. पण फलाटावर कोणी कोणाचा खिसा कापला तर तो गुन्हा नोंदविणारे लोहमार्ग पोलीस महाराष्ट्र राज्याचे, कारण राज्यसूचींत ‘पोलीस’ या विषयांत रेल्वे पोलीस स्पष्टपणें घातलेले आहेत. रेल्वेच्या मालमत्तेची राखण करणारें दल निराळें, व तें पुन्हां केंद्राचें. दौंडास राज्य राखीव दलाचे जवान राहतात, ते राज्याचे. स्टेशनाबाहेरचें टपाल कचेरीचें दार केंद्राचें, तलाठ्याचें दार राज्याचें, आणि गटार तुंबलें तर दार नगरपरिषदेचें.

हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें, पण अंगवळणी पडलें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका मोठ्या जंक्शनावर आमची पिशवी चोरीस गेली. तींत पेन्शनचीं कागदपत्रें होतीं. ज्यांच्या अंगांत गणवेष दिसला त्यांच्याकडे आम्ही गेलों. त्यांनीं दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखविलें, तेथून तिसऱ्या. पहांटेपर्यंत आम्ही फलाटावर येरझारा घातल्या व मनांतून सर्वांस दोष दिला. घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं, नागरिकशास्त्र शिकविणाऱ्यानेंच चुकीचें दार ठोठावलें होतें. खिडक्यांवरील मंडळींनीं नीट वाट दाखवावयास हवी होती हें खरें. पण आम्हीं पहिल्याच खेपेस लोहमार्ग पोलिसांचें ठाणें कोठें आहे असें विचारलें असतें, तर ती रात्र वांचली असती.

शिरूर व दौंड हे आज उसाचे तालुके आहेत. ऊसवाल्यास तर तीन दारें एकाच वेळीं सांभाळावीं लागतात. कालव्याचें पाणी राज्याचें. कारखाना सहकारी असेल तर त्याची नोंदणी व देखरेख १९६० सालच्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालीं, म्हणजे तीही राज्याची. परंतु उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवितें. दर कमी वाटला म्हणून तहसील कचेरीपुढें बसणाऱ्यांचें दुःख खरें असलें तरी त्यांचें गाऱ्हाणें ज्या दाराशीं जावयास पाहिजे तें दार तेथें नसतें.

घरांतील वाणसामानाच्या पावतीवरही हीच वांटणी छापलेली असते. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. त्या पावतीवर कराचे दोन समान भाग दिसतात. एक केंद्राचा, एक राज्याचा. या कराचे दर सुचविणाऱ्या परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एक तृतीयांश व सर्व राज्यांचें मिळून दोन तृतीयांश आहे, आणि निर्णयास तीन चतुर्थांश मतें लागतात. म्हणजे एकट्या केंद्रासही ठराव रेटतां येत नाहीं, आणि केंद्रास वगळून राज्यांसही तो करतां येत नाहीं. एका चुलीवर दोघींनीं स्वयंपाक करावयाचा तर असेंच कांहीं ठरवून घ्यावें लागतें.

आमचें राज्य कसें झालें

राज्याचा अधिकार हा हक्क आहे, हें महाराष्ट्रीयांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९५० सालीं घटना अमलांत आली तेव्हां राज्यांचे चार वर्ग होते. मुंबई पहिल्या वर्गांत, हैदराबाद दुसऱ्या, कच्छ तिसऱ्या आणि अंदमान चवथ्या. मराठी बोलणारा मनुष्य तेव्हां मुंबई राज्यांत होता, विदर्भांतला मध्य प्रदेशांत होता, मराठवाड्यांतला हैदराबादेंत होता, आणि गोव्यांतला तर पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. या सर्वांचें एक राज्य व्हावें असा ठराव १९४६ च्या मे महिन्यांत बेळगांवच्या साहित्य संमेलनांत झाला होता. तेलुगू भाषकांसाठीं पोट्टी श्रीरामुलू यांनीं डिसेंबर १९५२ मध्यें प्राणांतिक उपोषण केल्यावर १ ऑक्टोबर १९५३ रोजीं आंध्र राज्य झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला.

१६ जानेवारी १९५६ रोजीं पंतप्रधान नेहरूंनीं मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर मुंबईंत जें घडलें तें वाचकांच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलेलें आहे. गोळीबार झाले, त्या सबंध आंदोलनांत शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनीं पदत्याग केला. मुंबई महाराष्ट्रास मिळावी एवढाच तो वाद नव्हता. केंद्रशासित होणें म्हणजे शहराचे पोलीस, जमीन, शाळा यांविषयीं तेथील माणसानें निवडलेल्या विधानसभेस बोलतां न येणें, हा त्यांतला मर्म होता, आणि गिरणींतल्या कामगारासही तो कळला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं देशांत १४ राज्यें व ६ केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हां मुंबई शहर केंद्रशासितांच्या यादींत नव्हतें. तें गुजरातसह मोठ्या द्विभाषिक राज्यांत राहिलें, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राची राजधानी झालें.

गोव्याची कथा निराळी व तितकीच बोधप्रद आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झालेला हा प्रदेश केंद्रशासित झाला. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतांत, महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, असा प्रश्न तेथील लोकांपुढें ठेविला गेला. १,७२,१९१ मतें केंद्रशासित राहण्याच्या बाजूनें व १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूनें पडलीं. आम्हां महाराष्ट्रीयांस त्या निकालाचें वाईट वाटलें असेल, पण जो न्याय मुंबईस तोच गोव्यास. ३० मे १९८७ रोजीं गोवा स्वतंत्र राज्य झालें. बेळगांवचा प्रश्न मात्र तसाच आहे. १९५६ सालीं तो भाग तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत गेला; १९६६ सालीं महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्रास मान्य झाला नाहीं; २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. तेथील मराठी माणसास सीमा म्हणजे काय हें आमच्याहून अधिक चांगलें समजतें. कचेरींत आपल्या भाषेंत अर्ज देतां येतो कीं नाहीं, एवढ्यावर त्याची सीमा येऊन ठेपते.

एक उणें आणि एक लाज

आमच्या घटनेंत एक उणें आहे असें कित्येक विद्वानांचें मत आहे, तेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत एखाद्या राज्याचा तुकडा तोडावयाचा तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमति लागते. आमच्याकडे तिसऱ्या कलमाप्रमाणें राज्याच्या विधानसभेचें मत विचारावें लागतें, पण तें संसदेवर बंधनकारक नाहीं. २०१४ च्या जानेवारींत आंध्र प्रदेशच्या विधानसभेनें विभाजनाविरुद्ध ठराव केला, तरी २ जून २०१४ रोजीं तेलंगण झालें. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजीं जम्मू-काश्मीर या राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. म्हणजे राज्याचे अधिकार घटनेनें बांधलेले, पण राज्याचें अस्तित्व व हद्द संसदेच्या साध्या बहुमताच्या हातीं. त्या काळीं देशाची फाळणी नुकतीच झाली होती. घटनाकारांनीं हा अधिकार संसदेस कां दिला हें समजण्यासारखें आहे. पण त्याचा परिणाम असा कीं, राज्याची खरी राखण कलमानें होत नाहीं, लोकांच्या जागरूकतेनें होते. १९५६ सालीं मुंबई वांचली ती कोणत्या कलमामुळें नव्हे.

आतां लाजेची गोष्ट. १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांसही घटनेचा आधार मिळाला. त्यांची मुदत पांच वर्षांची व ती संपण्यापूर्वीं निवडणूक, असा नियम झाला. कामें कोणतीं द्यावयाचीं हें राज्यानें ठरवावयाचें असलें, तरी लोकांनीं निवडलेली माणसें तेथें असलींच पाहिजेत हें आतां राज्याच्या मर्जीवर राहिलें नाहीं. असें असून पुणें जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयांत असल्यामुळें पुढें तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासक कारभार पाहत राहिले. महाराष्ट्रांतील बहुतेक जिल्ह्यांची हीच स्थिति झाली. मुंबईवर दिल्लीचा प्रशासक नको म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीनें रस्त्यावर येऊन रक्त सांडलें. आमच्या दारांतील संस्थेवर वर्षानुवर्षें प्रशासक होता, तेव्हां आम्ही ओट्यावर बसून पानास चुना लावीत होतों. त्या तीन वर्षांत या विषयाचा एक शब्दही आमच्या तोंडून किंवा आमच्या मित्रमंडळींच्या तोंडून निघाल्याचें आठवत नाहीं. हक्क आहे हें ठाऊक नसलें म्हणजे तो गेल्याचेंही कळत नाहीं.

मुलाची वही

म्हणून आम्हीं त्या दौंडच्या मुलास पत्र लिहिलें. उत्तर सोपें करून दिलें: ज्या घराला आपले नियम आपण करतां येतात, व ते करण्याचा हक्क कोणाच्या मर्जीवर नाहीं, तें राज्य. ज्याला दुसऱ्यानें केलेले नियम चालवावयाचे असतात, तो जिल्हा. आणि ज्याला नियम करण्याची परवानगी असते किंवा नसते, तो केंद्रशासित प्रदेश. सोबत एक गृहपाठही दिला. वहींत तीन रकाने पाडावे, केंद्र, राज्य व गांव. आणि दिवसभरांत दिसणारी एकेक गोष्ट विचारून त्या-त्या रकान्यांत लिहावी. आमच्या वाचकांनींही आपापल्या घरीं हा खेळ मुलांकडून करवून पाहावा. घरांतील वडील माणसांचीच परीक्षा त्यांत अधिक होते, असा आमचा अनुभव आहे.

महिन्याभरानें मुलाच्या आईचा फोन आला. वही भरली होती. रेल्वे, टपाल, नोटा केंद्राकडे. पोलीस, सात-बारा, बाजार राज्याकडे. नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा गांवाकडे. एकाच शब्दावरून घरांत वाद झाला होता. मुलानें ‘नदी’ हा शब्द तिन्ही रकान्यांत लिहिला होता, आणि त्याचे काका म्हणत होते कीं तो चुकला.

आम्हीं थोडा विचार केला. नदीचें पाणी वापरणें हा राज्याचा विषय. पण भीमा दुसऱ्या राज्यांत जाते, म्हणून राज्याराज्यांतील नद्यांविषयीं अधिकार संसदेसही आहे. कृष्णेच्या खोऱ्याच्या वांटपासाठीं १९६९ सालीं लवाद नेमावा लागला, व त्यानें महाराष्ट्राच्या वांट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी दिलें. दौंडाजवळून वाहणारी भीमा त्याच हिशेबांत मोडते. आणि गांवचें सांडपाणी त्या नदींत सोडावयाचें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम गांवचेंच. आम्हीं बाईंस सांगितलें कीं, मुलाचें बरोबर आहे. काकांस म्हणावें, हा एक गुण त्यांचा कापला.